बरोबर कोण?

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत माणसाला एकट्याने करता येतील अशा गोष्टी फार थोड्या आहेत. एकट्याने चहा पिता येत नाही; एक सांगितला तरी टपरीवाला दोन कटिंग करतो, आणि दुसरी कोणाची हा प्रश्न पडायच्या आत ती कोणीतरी उचललेली असते. एकट्याने आजारी पडता येत नाही. तपासून घ्यायला आपण एक आणि बरोबर चौघे, त्यातले दोघे डॉक्टरांना आपली लक्षणं आपल्यापेक्षा सविस्तर सांगतात. एकट्याने भांडतासुद्धा येत नाही. दोघांचं भांडण जुंपलं की आधी बघे येतात, मग सोडवणारे येतात, आणि शेवटी भांडणारे दोघे बाजूला राहून सोडवणारेच एकमेकांची गचांडी धरतात. अशा मुलखात पाठीला सॅक लावून डोंगरात एकट्याने भटकायला जाणार असं जाहीर करणं म्हणजे सार्वजनिक काम काढणं.

हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं भाच्याने. तो ह्यूस्टनला असतो. टेक्सासच्या पार टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या वळणात बिग बेंड नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्याकडे उद्यान म्हटलं की कारंजं, घसरगुंडी आणि भेळवाला. हे उद्यान म्हणजे सवातीन हजार चौरस किलोमीटरचं वाळवंट आणि त्यात उभे डोंगर. आपला अख्खा रायगड जिल्हा सात हजारांच्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ निम्मा जिल्हा आणि त्यात एकही ग्रामपंचायत नाही. तिथे भाचा एकट्याने जाऊन आला आणि त्याने मला त्याचं नियोजन वाचायला पाठवलं. कुठल्या रात्री कुठे झोपणार हे आधी सांगून परवाना घ्यायचा. पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. वाटेत झरे आहेत, पण झऱ्यांवर विसंबू नका, असं उद्यानवालेच सांगतात. म्हणून मोठी फेरी करणारे लोक आधी जाऊन वाटेवरच्या एका जुन्या रँचवर लोखंडी पेटीत पाण्याचे कॅन ठेवून येतात, त्यावर नाव आणि तारीख घालून. आणि विशेष म्हणजे ते कॅन ज्याचे त्यालाच मिळतात.

सोबत फोटो होता. मागे डोंगर, पुढे निवडुंग, मध्ये भाचा, आणि चेहऱ्यावर ब्रह्मानंद. दीड दिवस माणूस दिसला नाही, असं त्याने अभिमानाने लिहिलं होतं. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, तो फोटो पाहिला आणि डोळ्यांना पदर लावला. पोराला तिकडे कोणी नाही, असा तिने अर्थ काढला. आता तिने त्याच्यासाठी स्थळं बघायला घेतली आहेत.

मला मात्र ते नियोजन वाचून हुरूप आला. आपल्याकडे वाळवंट नसलं तरी आडरान भरपूर आहे. सह्याद्रीची भिंत उशाशी आहे. मग टेक्सासला कशाला जायला हवं?

पहिला प्रश्न, जायचं कुठे.

रायगड बाद. रायगडावर रोपवे झाल्यापासून वर जाणाऱ्याला दम लागत नाही आणि दम न लागलेला माणूस फार बोलतो. शिवाय रायगडावरून एकट्याने उतरण्याचा विक्रम हिरकणीच्या नावावर आहे आणि तो कायमचा तिच्याच नावावर राहणार. कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ. दोर नाही, बॅटरी नाही, परवाना तर नाहीच. दंतकथा म्हणा हवं तर, पण या तालुक्यातल्या एकट्या भटकंतीचं, काडीचंही नियोजन नसलेलं आणि तरी पूर्ण यशस्वी झालेलं असं हे एकमेव उदाहरण. त्यावर वरून कारवाई काय झाली? तिला साडीचोळी दिली आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला. म्हणजे कौतुकही झालं आणि पुन्हा कोणी एकटं त्या वाटेने जाऊ नये याचा बंदोबस्तही झाला. इतकं नेटकं प्रशासन पुढे पाहायला मिळालं नाही.

मग शिवथरघळ. वरंध घाटाच्या पायथ्याची ही घळ १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून उजेडात आणली. समर्थांनी दासबोध सांगितला तो इथे. एकांतासाठी याहून अधिकृत जागा महाराष्ट्रात सापडणार नाही. पण नीट पाहिलं तर समर्थ सांगत होते आणि कल्याणस्वामी लिहून घेत होते. एकांताच्या बाबतीत ज्यांचा हात कोणी धरू शकणार नाही, त्यांच्यासुद्धा बरोबर कोणीतरी होतंच. आता तर तिथे राहण्याची सोय आहे, प्रसाद आहे, आणि पावसाळ्यात धबधब्यापुढे मोबाइल वर धरलेल्या हातांची अशी दाटी असते की पाण्याला खाली यायला वाट काढावी लागते.

तिसरी जागा मंगळगड ऊर्फ कांगोरी. पिंपळवाडीतून चढायचं. गर्दी नाही, टपरी नाही. १८१७ साली पेशव्यांच्या माणसांनी हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना पकडून इथे कैदेत ठेवलं होतं. पुढे त्यांना वासोट्यावर हलवलं. सरकारने सक्तीने दिलेला एकांत तो हाच. पण मुद्दा असा की तेही दोघे होते.

शेवटी ठरला ढवळे घाट. पोलादपूरहून आत आत जात ढवळे गाव, तिथून चंद्रगड, आणि मग जंगलातून, बहिरीच्या घुमटीवरून, जोराच्या पाण्यावरून चढत चढत थेट आर्थर सीट. हा पॉइंट सुमारे साडेचार हजार फुटांवर. इंग्रज आर्थर मॅलेटच्या आधी आमचे लोक त्याला मढीमहाल म्हणत, अजूनही म्हणतात. ही सगळी जावळीच्या मोऱ्यांची जहागीर. जावळीत याल, पण परत जाणार नाही, अशा अर्थाचा दम मोऱ्यांनी शिवाजीमहाराजांना भरला होता असं सांगतात. १६५६ साली महाराज आले आणि परत जायची गरजच उरली नाही. या वाटेची एकच गोष्ट मला खुपते. दिवसभर रान तुडवून, काटे काढत, बोलायची सवय मोडल्यावर माणूस वर निघतो तो थेट लिंबूसरबत, मक्याचं कणीस आणि नवविवाहित जोडप्यांच्या मधोमध. अंगावर कुसळं, डोक्यात पाचोळा, आणि समोरची नवरी नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरून विचारते, "हा कुठून आला?" 

त्या डोंगरावरून एकटं निघायची हिंमत फक्त सावित्रीने दाखवली. महाबळेश्वरला उगम एकच, देऊळ एकच; कृष्णा, कोयना, वेण्णा घाटावर गेल्या आणि हिने एकटीने कोकणात उडी मारली. अर्थात पोलादपूरपर्यंत ढवळी येऊन मिळालीच, महाडला गांधारी आणि काळ. या मुलखात नदीलाही कोणी एकटं सोडत नाहीत.

दुसरा प्रश्न, केव्हा.

पावसाळा बाद. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गेलं, पोलादपूरकडे सुतारवाडी आणि केवनाळ्यात दरडी आल्या. पावसातल्या डोंगराबद्दल त्यानंतर इथे कोणी थट्टा करत नाही. मीही करत नाही.

ऑक्टोबरात गवत पुरुषभर उंच. वाट पायाने चाचपडत काढावी लागते आणि पाय नेमका कशावर पडला हे पायालाच आधी कळतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा मोसम, आणि म्हणूनच तो पुण्या-मुंबईच्या गटांनी घेतलेला. एका रंगाचे चाळीस टी-शर्ट, गळ्यात शिट्ट्या, आणि शेवटच्या माणसाला सारखं विचारायचं, 'मागे कोणी राहिलंय का?' फेब्रुवारीत शिवजयंती. मार्चमध्ये शिमगा: मुंबईहून चाकरमानी येतात, पालखी नाचते, आणि जे घर वर्षभर कुलपात असतं त्यात बावीस माणसं झोपतात. २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर देशभरातून माणसं येतात. बाबासाहेबांनी १९२७ साली त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते हजारोंना बरोबर घेऊन. त्या दिवशी महाडात येऊन एकांत शोधणाऱ्याने आपलं काहीतरी चुकतंय असं समजावं. चैत्री पौर्णिमेला महाराजांच्या पुण्यतिथीसाठी रायगडावर गर्दी. मे महिना आंब्याचा, लग्नांचा आणि पुन्हा चाकरमान्यांचा. ६ जूनला राज्याभिषेक. त्या दिवशी महाडपासून पाचाडपर्यंत गाड्या अशा लागतात की गडापेक्षा गाडी लावायची जागा सर करणं अवघड.

उरतो एप्रिलचा मधला तुकडा. डोंगर करपलेला, वणवे लागून गेलेले, पानं झडलेली, कातळावर हात टेकवत नाही. शहाणा माणूस घरात कोकम सरबत पीत बसतो. कोणी म्हणजे कोणी डोंगरात जात नाही. तेव्हा एकांताची हमी हवी असेल तर एप्रिल. बिग बेंड हवं होतं ना, हे घ्या बिग बेंड. फक्त निवडुंग कमी आणि करवंदं जास्त.

आणि वाळवंट म्हटलं की तिसरा प्रश्न येतो, पाणी. हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, म्हणून जरा थांबतो.

पोलादपूर तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जैसलमेरला पडतो २०० च्या आसपास. या हिशेबाने जैसलमेरकरांनी पाण्यासाठी आमच्याकडे यायला हवं. प्रत्यक्षात उन्हाळ्यात आमच्या डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतो. याचं कारण असं की आमचा पाऊस मुक्कामाला येतच नाही. खाली काळा कातळ, उतार भिंतीसारखे उभे. वर महाबळेश्वरला पडलेला थेंब जो सुटतो तो सावित्रीतून थेट बाणकोटच्या खाडीला. मधे महाड लागतं. तिथे तो कधी बाजारपेठ बघतो, मनात आलं तर कोणाकोणाच्या माळ्यापर्यंत चढून येतो, पण जमिनीत मुरायला त्याला सवड नसते. माघात झऱ्याची धार करंगळीएवढी होते, फाल्गुनात ती बंद, चैत्रात विहिरीचा तळ आणि त्यात गेल्या वर्षी पडलेली बादली दिसते. मग टंचाईचा आराखडा, मग अर्ज, मग टँकर. जुन्या लोकांनी गडांवर कातळ खोदून टाकी केली ती हौस म्हणून नव्हे. पाणी अडवलं नाही तर ते आपलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

भाच्याच्या नियमाने रोजचे चार लिटर म्हणजे चार किलो. तीन दिवसांचे बारा. घरातला गॅसचा रिकामा सिलिंडरही पंधराएक किलोचा असतो; तो ओट्यापासून दारापर्यंत नेला तरी मी नंतर कमरेला पट्टा बांधून हिंडतो. जवळपास तेवढं ओझं पाठीवर घेऊन साडेचार हजार फुटांवर चढायचं, हे शेजाऱ्यांनाही पटेना. तेव्हा पेटीची युक्ती करायचं ठरलं. आधी जाऊन पाणी ठेवून यायचं. वाटेवरच्या एका वाडीत ओळखीची आजी आहे, तिला फोन लावला. रेंज एका विशिष्ट दगडावर येते, तेव्हा आधी फोन दुसऱ्या घरी, मग तिथल्या पोराने हाक मारली, मग आजी दगडावर आली.

"आजी, तुमच्या पडवीत पाण्याचे दोन कॅन आणून ठेवू का? मी नंतर येईन तेव्हा लागतील."

"कॅन भरलेलं का रिकामं?"

"भरलेले."

"मग आजच का नाय आणत?"

मी कॅनवर नाव आणि तारीख घालायची कल्पना सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने दगडाभोवती जमलेल्या मंडळींना ती कल्पना मोठ्याने समजावून सांगितली. हसू मला फोनशिवायही ऐकू आलं असतं. "पाण्यावर नाव घालायचं? आणि मी राखण करू? बाबा, हितं टँकर आला की हंड्यांची रांग लागते नि तुझं भरलेलं कॅन पडवीत? मीच पयली पिऊन टाकीन." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बरोबर कोण हाय?"

"कोणी नाही. एकटाच."

"मग भाकऱ्या किती करू?"

हा प्रश्न मला पुढे अनेकांनी विचारला. एकट्या माणसासाठी भाकऱ्या किती, याचं उत्तर इथे एक किंवा दोन असं नसतं. एकटा येतोय म्हणजे त्याला बळेबळे वाढायला कोणी नाही, म्हणून जास्त करायच्या. तेव्हा आजीच्या हिशेबात मी चार माणसांचा आहे.

एकट्या माणसाबद्दल इथे तीन सिद्धांत आहेत. पोलादपूरच्या स्टँडवर चौकशीला गेलो तेव्हा तिन्ही अर्ध्या तासात ऐकले. चहावाल्याने विचारलं, "कुठं चाललाव?" ढवळ्याला. "कोणाकडं?" कोणाकडे नाही, डोंगरात. "बरोबर कोण?" कोणी नाही. त्याने गाळणी खाली ठेवली. "घरी काय झालं?" हा पहिला सिद्धांत: घरी भांडण झालंय. दुसरा बाकावरच्या गृहस्थांचा. त्यांनी कानाशी येऊन सांगितलं की त्या बाजूला आता जमीन स्वस्त राहिलेली नाही, आणि सातबारा नीट बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. म्हणजे मी मुंबईच्या कोणा शेठचा एजंट. तिसरा सिद्धांत चंद्रगडाचं नाव काढल्यावर आला: गडावर पुरलेला हंडा. इतिहासात रस आहे असं सांगितलं की या सिद्धांताला बळच मिळतं, कारण हंडा शोधणाऱ्याने दुसरं काय सांगायचं? हा माणूस उगाच जातोय, ही चौथी शक्यता कोणाच्या मनाला शिवत नाही. डोंगरात उगाच जायला तो काही तिथे जन्मलेला नाही.

एसटीचंही ऐका. संध्याकाळची गाडी गावात वस्तीला जाते आणि सकाळी परत फिरते. म्हणजे रात्री देवळात मी एकटा झोपणार नाही, चालक आणि वाहक शेजारी असणार. वाहक जुना माणूस निघाला. "झोपायची काळजी करू नका," तो म्हणाला, "आम्ही असतो. पत्ते आणा."

वाटेची माहिती काढायला गेलं की आमच्याकडे प्रत्येक जण एकच वाक्य सांगतो: वाट सरळ हाय, चुकायला जागाच नाय. मग खालच्या आवाजात भर पडते. खिंडीच्या आधी दोन वाटा फुटतात, त्यातली मोठी घेऊ नका, ती ढोरांची. तिठ्यावर आंबा होता, त्याच्या डावीकडून. आंबा पडला, पण जागा कळते. मोहळ दिसलं तर बोलू नका, विडी ओढू नका, अंगाला वास लावू नका. आग्या माशीला नव्या साबणाचा वाससुद्धा खपत नाही. आणि चकवा लागला, म्हणजे फिरून फिरून त्याच झाडाशी आलात, तर सदरा उलटा घाला. दुसरा म्हणाला, सदरा नाही, जागेवर बसून राहा. तिसरा म्हणाला, काही करू नका, चकवा एकट्यालाच लागतो, दोघे असलं की लागत नाही. हे तिघांनाही एकदम पटलं आणि तिघेही माझ्याकडे बघू लागले. शेजारच्या काकांनी मात्र डोंगराचा नादच सोडायला सांगितला. हौसच असेल तर सावित्रीच्या काठाकाठाने जा, सपाट आहे. सपाट आहे हे खरं, पण दादली पुलाकडे मगरी ऊन खात पडलेल्या असतात. त्या एकेकट्या पडतात. त्यांना कोणी काही विचारत नाही.

परवान्याचं मी आधी मनावर घेतलं नव्हतं. टेक्सासमध्ये एक खिडकी, एक अर्ज. आमच्याकडे खिडक्या अनेक. पहिली अर्थातच घरची. "एकांत पाहिजे?" बायको म्हणाली. "माळ्यावर जा. आवरायचाही आहे. वर दिवसभर कोणी येत नाही, मी येऊ देणार नाही." मी पोक्तपणे म्हटलं की माणसाने स्वतःबरोबर वेळ घालवला पाहिजे. त्यावर तिने शांतपणे मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "माझी हरकत नाही. तुमच्याबरोबर काय वेळ जातो ते एकदा तुम्हालाही कळू दे." परवाना मिळाला.

दुसरी खिडकी मुंबईची. पोलादपूर तालुक्यातलं गाव निम्मं डोंगरात आणि निम्मं विक्रोळी, भांडुप, नालासोपाऱ्यात असतं. तिकडच्या निम्म्याचं एक ग्रामस्थ मंडळ असतं आणि त्या मंडळाचा व्हॉट्सॲपवर एक गट. देवळाचा रंग, पालखीचा मान, पाण्याची टाकी, सगळं तिथून ठरतं. मी वाडीत फोन केल्याचं वाडीत सगळ्यांना कळायच्या आधी ते भांडुपला कळलं. रात्री अनोळखी नंबरावरून फोन: "आपण आमच्या गावाला येताय असं समजलं. एकटेच? काही विशेष?" मी सगळं सांगितलं. मंडळाच्या सचिवांनी ऐकून घेतलं, हरकत नाही म्हणाले, आणि माझा नंबर गटात टाकला. आता दिवसाला चार-पाच जण चौकशी करतात. त्यातला एक चेंबूरचा मुलगा फारसं बोलत नाही. त्याचं एवढंच म्हणणं, आमच्या घराकडून जाल, तर आई एकटीच असते, दोन मिनिटं बसा. अशी घरं किती, हे मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. ज्या एकांतासाठी मी वही घेऊन याद्या करतोय, तो तिथे दारादारांतून पडून आहे. कोणाला नको आहे.

त्यामुळे सामानाचा प्रश्न वेगळ्याच दिशेने गेला. सामान कमी घ्यावं हा भटक्यांचा पहिला नियम. १६५९ साली अफझलखान हत्ती, तंबू, गालिचे असा लवाजमा घेऊन जावळीच्या रानात उतरला, त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मी मनाशी ठरवलेली यादी छोटी होती: मेणकापड, बॅटरी, काडेपेटी, काठी, मीठ-साखर, नाचणीचे लाडू. बायकोने त्यात सुंठ, ओवा, आमसुलं, रक्तदाबाच्या गोळ्या आणि 'देवळात झोपलात तर बरी दिसावी म्हणून' धुतलेली चादर घातली. इथपर्यंत सॅकचं तोंड बंद होत होतं.

मग बाजाराकडून डोंगराकडे माणूस चाललाय ही बातमी आपलं काम करू लागली. चेंबूरच्या मुलाच्या आईसाठी गुडघ्याला चोळायचं मलम. शाळेच्या गुरुजींसाठी खडूचे दोन डबे. कोणाच्या मिक्सरचं भांडं महाडला दुरुस्तीला पडलंय, तेवढं घ्या. कोणाला रेशनकार्डाची झेरॉक्स, कोणाला फोनचा चार्जर, 'पातळ पिनचा नको, जाड पिनचा'. आजीला काही नको होतं. खूप आग्रह केल्यावर म्हणाली, चहापावडर आण, पण दुकानवाल्याला सांग मोठ्या दाण्याची, मागच्या खेपेला भुसा दिलान. भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मामा, पण याचं वजन केलंत का?" केलं. अठरा किलो भरलं, त्यात पाणी धरलेलं नाही.

शेवटी वाडीतल्या वाटाड्या मामांशी बोलणं झालं. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की वाटाड्या नको, फक्त पाणी कुठे कुठे आहे तेवढं सांगा, मला एकट्याने जायचं आहे. मामा समजूतदार. म्हणाले, बरोबर हाय, जावा एकलं. मी आपला मागून येतो, पंचवीस पावलं सोडून. बोलणार नाय. पुढं माझा पोरगा ऱ्हाईल कोयता घेऊन, फांद्या मारायला. मधे तुम्ही, एकलं.

मी म्हटलं, आणि पाणी?

"पाण्याचं काय घेऊन बसलाव? जोराच्या पाण्यावर असंल थोडं, नसंल तर माझ्या खांद्यावर हंडा ऱ्हाईल. तुम्ही नका आणू, तुमच्याकडं आधीच सामान लय हाय. फक्त एक करा. वाडीचा टँकरचा अर्ज दिलेला हाय कवाचा. येताना तालुक्याच्या ऑफिसात जाऊन त्याचं काय झालं तेवढं विचारून या. साहेब जाग्यावर नसलं तर बाकड्यावर बसा. तुम्ही काय, एकलंच हायत. घाई काय हाय?"